लहान मापाचा हात

प्रिय धाकटे,

कंपनीचं बोलावणं तुला पोचलं असेल. जुन्या सगळ्याच माणसांना पाठवलंय आणि तुझा पत्ता भरतीवाल्या साहेबांनी माझ्याकडूनच घेतला. तुझं तिकडचं काम सुटल्याचं मला मामीकडून कळलं. तू कळवणार नाहीसच, मोठी मानी ना! पण मी तुला ओळखते. बोलावणं हातात पडल्यापासून तू बॅग भरायला घेतली असशील. म्हणून घाईघाईने लिहितेय. हे पत्र पूर्ण वाच आणि मगच साहेबांना हो की नाही ते कळव. गोष्टीचं पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान उघडायची तुझी खोड आहे, ती आज जरा बाजूला ठेव.

इथे आता तुला ओळखू येणार नाही अशी परिस्थिती आहे. तू गेलीस तेव्हा फाटकाला साखळी होती आणि आपण सगळ्याजणी उगाचच रोज तिथपर्यंत जाऊन परत यायचो. आता त्याच फाटकावर ‘कामगार पाहिजेत’ची पाटी आहे आणि ती उतरतच नाही. आधी जुन्यांना बोलावलं. मग ठेकेदाराची माणसं आली. तीही पुरेनात तेव्हा कंपनीने लांबलांबच्या वस्त्यांवर बस पाठवायला सुरुवात केली. पूर्वी वय विचारून नाक मुरडायचे, आता केस पिकलेल्या बायकाही घेतात. समोर पंख्यांचा कारखाना पुन्हा सुरू झालाय, त्यापलीकडे बुटांचा. दोघेही आमच्या मुली पळवतात, आमची कंपनी त्यांच्या पळवते. आपला खडूस मुकादम आठवतोय ना, जो बारीकसारीक कारणावरून उद्यापासून येऊ नकोस म्हणायचा? तो आता पाळी सुटताना दारात उभा राहून एकेकीला विचारतो, उद्या येशील ना गं? मला तर हसू दाबता दाबवत नाही. वर्तमानपत्रात रोज लिहून येतं की कारखानदारी सावरली, नोकऱ्या वाढल्या. ते खरं आहे. चहाच्या टपरीवाल्याने दुसरं बाकडं टाकलंय आणि आपल्या घरमालकाने लगेच भाडं वाढवलंय.

फक्त सामान माणसांइतक्या लवकर येत नाही. हातमोज्यांचे नवे साचे मागवलेत, पण सगळ्या देशभरातले कारखाने एकदमच जागे झाल्यामुळे साचे बनवणाऱ्यांकडे ही रांग लागलीय. म्हणून साहेबांनी मागची कोठी उघडली आणि बंदीच्या काळात गुंडाळून ठेवलेले जुने साचे काढले. ते काढताना मी तिथेच होते. चिनी मातीचे ते पांढरे हात पेंढ्यात एकमेकांवर रचलेले होते, सगळ्यांची बोटं एकाच दिशेला. नव्या मुली दारातच थबकल्या. मी त्यांना म्हटलं, घाबरता काय, चावत नाहीत ते. आणि पहिला हात मीच उचलला.

त्यातले लहान मापाचे साचे कुणाच्या हातावरून केलेत ते तुला माहीत आहे. तू तेव्हा फ्रॉकात होतीस, पण घरात ती गोष्ट इतक्यांदा सांगितली गेलीय की तुला तोंडपाठ असेल. बाहेरून आलेल्या लहान मापाच्या साच्यांची बोटं फार बारीक निघाली, मोजे फाटायला लागले, तेव्हा साचेवाले काका मोजे काढणीच्या रांगेतून एकेकीचे हात बघत फिरले आणि आईपाशी थांबले. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी बाबांना सांगितलं की मी तुमच्या बायकोचा हात मागायला आलोय, आणि बाबा म्हणाले, उशीर केलात हो, तो मी कधीच मागून घेतला. मग पुढे कित्येक वर्षं जो येईल त्याला हा विनोद ऐकावा लागला. आईचा उजवा हात ओल्या प्लास्टरमध्ये बुडवून ठसा घेतला. करंगळी जराशी आत वळलेली होती, ती काकांनी तशीच ठेवली. त्या एका ठशावरून किती हात झाले ते देव जाणे. लहान मापाचा प्रत्येक मोजा आईच्या हातावरून उतरलाय.

कंपनी बंद पडेपर्यंत यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. आई जिवंत होती, तिचे खरे हात घरात भांडी घासत होते. साच्यांची फिरती साखळी पुन्हा सुरू झाली तेव्हा आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. पहिल्या दिवशी मी काढणीला उभी राहिले. अमोनियाचा तोच वास, पायाखाली तोच ओला कट्टा. रबराच्या चिकाच्या टाकीत बुडून, भट्टीतून भाजून, बोटं खाली लोंबकळत हातांची रांग आली. आपलं काम तुला सांगायला नको. एका हाताने साच्याची बोटं धरायची, दुसऱ्याने मनगटावरची कड पकडून मोजा उलटा ओढून काढायचा, की पुढचा हात हजर. मी पहिल्याची बोटं धरली. करंगळी आत वळलेली होती. आणि धाकटे, भट्टीतून आलेला साचा गरम असतो गं. अगदी माणसाच्या हाताइतका गरम. मला रडू कोसळलं. मुकादमाला वाटलं अमोनिया डोळ्यांत गेला.

ते पहिले दिवस फार सुखाचे होते, हे मी तुझ्यापासून कशाला लपवू? दिवसभर आईचा हात हातात. घरी तो कधी एवढा वेळ मिळाला होता? मी मनातल्या मनात तिच्याशी बोलायचे, भाडं वाढलं म्हणायचे, तुझं पत्र नाही म्हणून तक्रार करायचे. बाकीच्या रांगेच्या वेगाला शिव्या द्यायच्या आणि मला पाळी सुटूच नये असं वाटायचं.

मग एका दुपारी जेवणानंतर साच्याने माझी बोटं दाबली. ओढताना आपलीच बोटं आवळली जातात, ते आपल्याला कळतं. हे तसं नव्हतं. आतली चार बोटं माझ्या तळव्यावर हळूच फिरली, अंधारात वस्तू चाचपून बघावी तशी, आणि सुटली. साचा पुढे गेला. खाली टाकलेल्या मोज्याकडे मी बघितलं. त्याची बोटं सरळ नव्हती, मुठीसारखी वळलेली होती. मी तो घाईने ढिगात ढकलला आणि पुढचा हात धरला, कारण साखळी थांबत नाही. त्यानंतर रोज कधी ना कधी ते व्हायला लागलं. ठरलेला एखादा साचा असता तर मी खूण करून बाजूला काढला असता. पण आज हा, उद्या तो. चाचपायचं आणि सोडून द्यायचं.

माझं डोकं फिरलंय असं मला वाटलं. एकटी राहते, कामाचा ताण, मामीही म्हणतेच की तुझं लक्ष थाऱ्यावर नसतं. पण नव्या मुलींना आई कोण ते माहीत नाही, साच्यांची गोष्टही माहीत नाही. बसने आलेल्या एका मुलीने चहाच्या सुट्टीत सहज म्हटलं की इथले काही साचे मऊ आहेत. दुसरी लगेच म्हणाली, हो गं, आणि ते हात बघतात. सगळ्याजणी हसल्या. आमची गप्पी, जिच्या तोंडाला कधी कुलूप लागत नाही, ती मात्र कपाचा कान घट्ट धरून बसली. मागाहून तिने मला न्हाणीघराच्या दारात गाठून हळूच विचारलं की कुणाला शोधतंय गं ते? तोपर्यंत ‘शोधतंय’ हा शब्द मी मनातसुद्धा आणला नव्हता.

कारण असं शोधणं मी एकदा पाहिलंय. आईच्या शेवटच्या आठवड्यांत तिची वाचा गेली होती, डोळेही उघडत नव्हते. ती फक्त उजवा हात चादरीवर फिरवत राहायची. मी माझा हात द्यायचे. ती धरायची, माझा तळवा चाचपायची आणि सोडून द्यायची. पुन्हा चादरीवर शोधायला लागायची. माझे तळवे काढणीने खरखरीत झालेत, तिला लगेच कळायचं की ही थोरली. तिला तुझा उजवा हात हवा होता. तू डावखुरी, सगळी कामं डाव्याने केलीस, म्हणून तुझा उजवा तळवा लहान मुलासारखा मऊ राहिला. हा हात नुसता शोभेचा आहे म्हणून ती तुला चिडवायची आणि रस्त्याने जाताना तोच धरून चालायची. तुला रजा मिळाली नाही, नवीन काम होतं, आली असतीस तर ते सुटलं असतं. यात तुझा काही दोष नाही. मी हे तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते. पण मला वाईट वाटलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. तिचं सगळं अंगावर घेऊन केलं ते मी, आणि ती माझा हात सोडून देत होती. आता मेल्यावरही सोडूनच देते. कधी कधी रांगेत उभी असताना मला तिचा इतका राग येतो की कड ओढताना मोजा फाटतो.

एवढंच असतं तर मी हे पोटात ठेवलं असतं. पण भरती वाढली आणि साहेबांचं लक्ष वळणाकडे गेलं. खांबाजवळ साखळी वळते तिथे साचा उलट्या बाजूने येतो, उजव्या हाताने काम करणारीला ते अवघड जातं. ती तुझी जागा होती. तू गेल्यापासून तिथे कुणी टिकत नव्हतं, मोजे न काढलेले साचे तसेच पुढे जायचे. तेव्हा भरतीच्या टेबलावर प्रत्येक मुलीला विचारायला लागले, डावखुरी आहेस का? पूर्वी तू सोडून दुसऱ्या डावखुरीला दारातूनच परत पाठवायचे, आता तिला शोधून आणतात. पहिली आली ती अगदी चणीने लहान, सतत बडबड करणारी, सगळ्या तिला चिमणी म्हणायला लागल्या. मी तिला वळणावर उभं केलं आणि काम शिकवलं. उजव्याने बोटं धर, डाव्याने ओढ.

दिवसाढवळ्या, भर पाळीत ते झालं. मला फक्त चिमणीची बडबड थांबलेली ऐकू आली. वळून बघितलं तर ती साखळीबरोबर चालत होती. एका साच्याने तिचा उजवा हात धरला होता आणि ती खांबाला वळसा घालून टाकीच्या कठड्याकडे चालली होती. ओरडत नव्हती, चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य. मुकादमाने दोरी ओढली, साखळी थांबली. पण हात सुटेना. दोघीतिघींनी चिमणीला कमरेला धरून ओढलं तरी सुटेना. मी धावत गेले, तिच्या हातावर माझा हात ठेवला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, आई, सोड. ही आपली नव्हे. तेव्हा ती बोटं उघडली. चिमणीच्या हातावर एका बाजूला चार वळ होते आणि दुसऱ्या बाजूला अंगठ्याचा एक. साहेब आले, त्यांनी वळ बघितले, साच्याला टिचकी मारून बघितलं. तो टणटण वाजला. चीक नीट भाजला नाही म्हणून चिकटला असं म्हणून ते गेले. गप्पीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून कामाला लागली.

चिमणी पुन्हा आली नाही. मंदीत कुणी सोडून गेलं तर महिनाभर जागा रिकामी ठेवायचे, आता दुसऱ्या दिवशी बसमधून दुसरी डावखुरी उतरली. तिचा उजवा तळवा मी हातात घेऊन बघितला. मऊ होता. त्याच वेळी मी मुकादमाला सांगितलं की वळणावर मी उभी राहते. माझं नाव पर्यवेक्षक म्हणून वर गेलं होतं, खुर्ची मिळणार होती, आपल्या घरात आजवर कुणाला कामावर खुर्ची मिळालेली नाही. ती मी नाकारली. साहेबांना वाटलं मी समोरच्या पंख्यांच्या कारखान्यात जाणार, म्हणून बिचाऱ्यांनी पगार वाढवायचीही तयारी दाखवली. उलट्या बाजूने काम करून खांदा भरून येतो, पण माझा हात आई धरते आणि सोडते. त्या जागेवर उभं राहायला माझ्याएवढी लायक बाई कंपनीत नाही.

आता तिसरी रांग टाकताहेत. तिला दोन वळणं आहेत. नवे साचे आलेच नाहीत तेव्हा कंपनीने आईच्याच साच्यावरून पुन्हा ठसे घेऊन ते इथेच भाजायचं ठरवलंय, गिऱ्हाइकांना हे माप फार बसतं म्हणे. भरती वाढतेय तशी आईही वाढतेय. मी एकटी किती वळणांवर उभी राहणार? साचे फोडून टाकावेत असं एकदा मनात आलं, हातोडी घेऊन कोठीपर्यंत गेलेही. पण तो आईचा हात आहे गं. तू असतीस तर तुलाही जमलं नसतं. आणि एक लक्षात ठेव, आई वाईट नाही. तिला तिची धाकटी हवी आहे, एवढंच. आपल्या मागे साखळी आहे आणि साखळीपुढे टाकी आहे, हे तिला ठाऊक नाही. तुझा हात लागला तर ती सोडणार नाही, आणि मी किती जरी सांगितलं तरी ही आपली नव्हे असं तुझ्याबद्दल मला म्हणता येणार नाही.

म्हणून साहेबांना नाही म्हणून कळव. तिकडेही फाटकाफाटकांवर पाट्या लागल्या असतील, बूट कर, पंखे कर, सायकली कर, तुझ्या हाताला कुठेही काम मिळेल. पण हे सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या. मला तुझ्याकडून आणखी एक हवंय. हल्ली वळणावर आईने हात धरला की मी हळूच म्हणते, निघालीय ती, वाटेत आहे. एवढं ऐकलं की ती थांबते, सोडते, आणि त्या पाळीपुरती रांगेत कुणालाच चाचपत नाही. पण हात हातात असताना आईशी खोटं कधी चाललंय का? आपण लहानपणी काही लपवलं की ती काही न विचारता आपला तळवा धरायची आणि तिला कळायचं. परवापासून ती मला उशिरा सोडतेय. काल तर खांबापर्यंत घेऊन गेली. तेव्हा तू मला पत्र लिही. त्यात लिही की ताई, मी निघतेय, लवकरच पोचते. दर महिन्याला लिही, काहीतरी कारण घाल, तिकिटाचं म्हण, तब्येतीचं म्हण, पण येतेच म्हणून लिही. मी ते कामावर जाण्याआधी वाचेन. मला ते खरं वाटेल, कारण या रिकाम्या घरात ते खरं व्हावं असं मला इतकं वाटतं की तुझ्या अक्षरातल्या दोन शब्दांवर मी हसत हसत विश्वास ठेवेन, आणि मग माझ्या हातात खोटं उरणार नाही. येते म्हणून लिही, धाकटे. आणि काही झालं तरी येऊ नकोस.

रोज तुझी वाट बघणारी,
तुझीच
ताई